सल्ला: बर्ड फ्लूच्या बातम्या, पाच मेलेले पक्षी आणि रात्री येणारी गाडी

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"आम्ही मराठवाड्यातील एका खेड्यात राहतो. शेतीला जोड म्हणून चार वर्षांपूर्वी बँकेचे कर्ज काढून दोन हजार पक्ष्यांचे ब्रॉयलरचे शेड घातले. कंपनीशी करार नाही. पिल्ले, खाद्य, औषधे सगळे आमचेच. गेल्या आठवड्यात तालुक्याच्या गावी कावळे मरून पडले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि तेव्हापासून सगळे चित्रच पालटले. जो व्यापारी नव्वद रुपये किलोने माल मागत होता तो आता चाळीस म्हणतो, तेही रात्री गाडी लावून आणि 'कुणाला बोलू नका' असे बजावून. पक्षी 38 दिवसांचे आहेत, वजन दोन किलोच्या आसपास. रोज एक-दोन मर असतेच, पण परवा एकदम पाच पक्षी मेले. यांनी ते शेडमागे पुरले. म्हणतात, दवाखान्यात कळवले तर सरकार येऊन सगळे पक्षी मारून टाकील. शेजारणीने आपल्या मुलांना आमच्या अंगणात यायला बंदी केली आहे. यांना रात्र रात्र झोप नाही. माल उचलू द्यावा का? कळवावे का? आणि माझ्या मुलांना, सासूबाईंना काही होणार तर नाही ना?"

ताई, नमस्कार.

हे उत्तर वाचताच, व्यापाऱ्याला होकार किंवा नकार काहीही कळवण्याआधी, तुमच्या गावासाठी जो पशुवैद्यकीय दवाखाना आहे तेथील पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करावा आणि परवा पाच पक्षी मेले, ते कोठे पुरले, काल आणि आज किती मर झाली, उरलेले पक्षी खाद्य-पाणी कसे घेत आहेत, हे सारे जसेच्या तसे सांगावे, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. फोन लागला नाही तर पशुसंवर्धन विभागाचा 1962 हा क्रमांक आहे. तुमच्या इतर सर्व प्रश्नांची उत्तरे या एका फोनवर अवलंबून असल्यामुळे मी त्यापासूनच सुरुवात करत आहे.

आता तुमच्या यजमानांची भीती. पाच पक्षी मेले म्हणजे बर्ड फ्लूच आला, असे मुळीच नाही. दोन हजारांच्या बॅचमध्ये चार-पाच टक्के मरतुक धरूनच हिशेब मांडतात, म्हणजे पूर्ण बॅचमध्ये ऐंशी ते शंभर पक्षी जातात आणि ते रोज ठरावीक संख्येने जात नाहीत. थंडीत शेडचे पडदे दिवसभर खाली राहिले, ड्रिंकरखाली (पाण्याच्या भांड्याखाली) अंथरलेले तूस ओले होऊन त्याची ढेकळे झाली, सकाळी शेडमध्ये शिरताच डोळ्यांना झोंबावे इतका अमोनिया साचला, तरी एखाद्या दिवशी पाच पक्षी मरतात. वजनदार पक्षी जलोदराने जातात. बर्ड फ्लूचा तीव्र प्रकार मात्र कोंबड्यांमध्ये असा रेंगाळत नाही. परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी 2021 च्या जानेवारीत अवघ्या काही दिवसांत सुमारे 800 कोंबड्या मेल्या होत्या. पक्षी एकाएकी खाद्य सोडतात, तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळे-जांभळे पडतात, डोके व डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो, विष्ठा हिरवट-पातळ होते आणि आदल्या संध्याकाळी धडधाकट दिसलेले पक्षी सकाळी मरून पडलेले आढळतात. परवाचे पाच मेल्यानंतर काल आणि आज मर पुन्हा एक-दोनवर आली असेल आणि खाद्याची पोती नेहमीप्रमाणेच संपत असतील, तर तुम्ही बऱ्याच अंशी निश्चिंत व्हावे.

"बऱ्याच अंशी" असे मी मुद्दाम म्हटले आहे, कारण घरात बसून हा निवाडा करता येत नाही. राणीखेत, म्हणजे आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात तो रोग, आणि बर्ड फ्लू यांची लक्षणे इतकी सारखी आहेत की 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला, तेव्हाही आधी ही मर राणीखेतची आहे असाच समज झाला होता. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल फेब्रुवारीच्या मध्याला आला आणि मग लाखो पक्षी मारावे लागले. पहिल्या मरतुकीपासून अहवालापर्यंतचे दिवस असे निसटले, हे त्या प्रसंगातले सगळ्यात जड दुःख आहे असे मला वाटते. आज व्यवस्था त्या मानाने सरावलेली आहे. डॉक्टर येऊन पाहतील, गरज वाटली तर नमुने पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे आणि तेथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातील. नुसता फोन केला म्हणून कोणी पक्षी मारायला येत नाही. अहवालात रोग निश्चित झाला तरच ती कारवाई होते.

आणि समजा तो निश्चित झाला तर? येथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. 2021 च्या उद्रेकात महाराष्ट्रात लागू असलेल्या दरांनुसार, सहा आठवड्यांवरील मांसल (ब्रॉयलर) पक्ष्याला 70 रुपये आणि त्याआतल्या पक्ष्याला 20 रुपये भरपाई होती, नष्ट केलेल्या खाद्याला किलोमागे 12 रुपये. तुमचे पक्षी 38 दिवसांचे, म्हणजे सहा आठवड्यांच्या आतले आहेत. जो पक्षी वाढवायला तुमचे दीडशेच्या आसपास रुपये गेले असतील, त्याचे वीस रुपये हातात पडणे ही भरपाई म्हणवत नाही, आणि शेतकरी रोग लपवतो म्हणून त्याला दोष देणाऱ्या शासनाने हा आकडा आधी स्वतःसमोर ठेवायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. दरांत त्यानंतर बदल झाला आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारून घ्यावे. परंतु हेही लक्षात घ्या की भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची दमडीही मिळत नाही. रोग असेल तर कळवायला लागणाऱ्या प्रत्येक दिवसागणिक ती अपुरी रक्कमसुद्धा घटत जाते. शिवाय 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्याने अशा रोगाचा संशय आल्यास कळवणे ही पक्षी पाळणाऱ्याचीच जबाबदारी ठरवली आहे. यजमानांनी पाच पक्षी पुरले ते घाबरून, यात मला गुन्हेगारी दिसत नाही. आज सांगितले तर डॉक्टरांनाही ती दिसणार नाही.

पुरलेली जागा मात्र आजच पाहून घ्या. खड्डा वरवरचा असेल तर कुत्री-मांजरे तो उकरतात. हातमोजे, तोंडाला मास्क आणि पायात गमबूट घालून वर चुना टाकावा, मातीचा चांगला थर द्यावा आणि काटेरी फांद्या लावून ठेवाव्यात. पक्षी उकरून काढू नयेत, कारण नमुन्यासाठी हवे असतील तर डॉक्टर ते पाहतील. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात 2024 च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले, यावरून मांसभक्षक प्राण्यांना तो कसा बाधतो हे समजावे.

आता रात्रीच्या गाडीविषयी. जो माणूस "कुणाला बोलू नका" असे सांगतो, तो तुमच्यावर उपकार करत नाही. शेडवरचा दर नव्वदवरून चाळीसवर आला म्हणून शहरातल्या दुकानातला दर काही त्याच प्रमाणात उतरत नाही, आणि मधली तफावत कोणाच्या खिशात जाते हे तुम्ही जाणता. उद्या तुमच्या पक्ष्यांत खरोखरच रोग निघाला तर त्या गाडीचे क्रेट, चाके, हमालांच्या चपला जिथे जिथे जातील तिथे तो जाईल. आणि मग बोट दाखवले जाईल ते तुमच्या शेडकडे, व्यापाऱ्याकडे नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी तुमच्या भागात पक्ष्यांच्या वाहतुकीवर बंदी घातली असेल तर ती गाडी बेकायदाही आहे. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंतचा सर्वेक्षण क्षेत्र धरण्याची पद्धत आहे, तेव्हा कावळे सापडलेल्या जागेपासून तुमचे शेड किती दूर आहे आणि आदेशात तुमच्या गावाचे नाव आहे का, हे त्याच फोनवर विचारावे.

गाव आदेशाबाहेर असेल आणि डॉक्टरांनी पक्षी निरोगी असल्याचे सांगितले, तर माल विकायला कोणतीच आडकाठी नाही; फक्त तो दिवसाउजेडी, पावती करून विकावा. मग प्रश्न उरतो तो दराचा, आणि तो मनाच्या घालमेलीवर न सोडता कागदावर मांडावा. या वयाचा पक्षी दिवसाला सुमारे 175 ग्रॅम खाद्य खातो, म्हणजे दोन हजार पक्ष्यांना रोज 350 किलो, पन्नास किलोची सात पोती. खाद्य चाळीस रुपये किलोने पडते असे धरले तर रोजचे 14,000 रुपये झाले, पक्ष्यामागे सात रुपये. त्या बदल्यात पक्षी 70 ग्रॅमच्या आसपास वाढतो आणि चाळीसच्या दराने त्या वाढीची किंमत होते पावणेतीन रुपये. म्हणजे दर असाच राहिला तर थांबण्याचा प्रत्येक दिवस पक्ष्यामागे सव्वाचार रुपये खातो. दहा दिवस थांबलात तर पक्ष्यामागे सत्तर रुपयांचे खाद्य जाईल, वजन 2.7 किलो होईल, आणि आज विकून जे ऐंशी रुपये मिळाले असते ते अधिक हे सत्तर भरून निघण्यासाठी त्या दिवशी दर 56 रुपयांच्या वर असावा लागेल. तुमच्या खाद्याचा खरा दर आणि पक्ष्यांचे खरे वजन घालून हा हिशेब यजमानांसोबत बसून पुन्हा करावा.

दहा दिवसांत दर छप्पनच्या वर जाईल का, याची हमी कोणी देऊ शकणार नाही. 2020 साली "कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो" ही निव्वळ अफवा फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवरून पसरली, केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने तिचे खंडन केले, हैदराबादेत मंत्र्यांनी व्यासपीठावर कोंबडी खाऊन दाखवली, तरीही मार्चमध्ये काही ठिकाणी शेडवरचा दर किलोला दहा रुपयांपर्यंत घसरला, जेव्हा उत्पादन खर्च सत्तरच्या घरात होता. शेतकऱ्यांनी पक्षी फुकट वाटले, पिल्ले पुरली. त्या धसक्याने नवी पिल्ले टाकलीच गेली नाहीत आणि उन्हाळ्यात माल कमी पडून दर उसळले. भीती ओसरली तेव्हा भाव आला, पण ज्यांचे शेड तोवर रिकामे झाले होते त्यांना त्याचा उपयोग नव्हता. यावरून माझा सल्ला असा आहे की सगळा माल एकाच दरावर, एकाच माणसाला देऊ नये आणि सगळा अडवूनही ठेवू नये. मोठे पक्षी आधी काढावेत, आसपासच्या दोन-तीन गावांतील दुकानदारांना आणि ओळखीच्या खाणावळींना थेट विचारावे, हातात असलेले खाद्य किती दिवस पुरते तेवढ्याच दिवसांपुरते थांबावे. उधारीवर खाद्य आणून दराची वाट पाहणे हा जुगार ठरेल. तो मुळीच खेळू नये.

मुलांविषयी आणि सासूबाईंविषयीची तुमची काळजी रास्त आहे आणि तिला मी नुसते "घाबरू नका" म्हणून बाजूला सारणार नाही. हा विषाणू माणसाला सहजासहजी लागत नाही, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे सतत पसरत राहण्याची क्षमता त्याने अजून दाखवलेली नाही. परंतु लागला तर तो गंभीर असतो: 2003 पासून जगभरात नऊशेहून अधिक माणसांना तो झाल्याची नोंद आहे आणि त्यांतील जवळपास निम्मी दगावली. आपल्या देशात 2021 मध्ये हरियाणातील एका मुलाचा आणि 2025 मध्ये आंध्र प्रदेशातील एका दोन वर्षांच्या मुलीचा त्याने मृत्यू झाला. त्या मुलीने कच्च्या मांसाचा तुकडा खाल्ल्याचे समोर आले होते. म्हणून धोका ताटातल्या रश्श्यात नाही, तो आजारी पक्ष्याच्या स्रावांत, विष्ठेत आणि कच्च्या मांसात आहे. मांस आतपर्यंत 70 अंश सेल्सिअसला शिजले की विषाणू मरतो, आणि आपल्या घरी रस्सा रटरटा उकळतो तेव्हा ती मर्यादा कधीच ओलांडलेली असते. अंडी पूर्ण उकडलेली असावीत. कच्चे मांस कापलेल्या विळीवर किंवा पाटावर न धुता कोशिंबीर चिरू नये.

मुले आणि सासूबाई यांनी अहवाल येईपर्यंत शेडमध्ये पाऊलही टाकू नये. खाद्य-पाणी करणारा माणूस एकच असावा, त्याचे कपडे आणि चपला शेडच्या दारातच बदलल्या जाव्यात, दाराशी जंतुनाशकाचे पाणी असलेली पायधुणी ठेवावी, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय त्याने घरात कशालाही शिवू नये. जाळीला कुठे भोक असेल तर आजच बुजवावे, कारण कावळे आणि चिमण्या खाद्याच्या ओढीने आत येतात. सांडलेले खाद्य शेडबाहेर राहू देऊ नये. परसात मोकळ्या हिंडणाऱ्या गावरान कोंबड्या असतील तर त्या कोंडून ठेवाव्यात. शेडमध्ये जाणाऱ्या कोणालाही पुढच्या दहा दिवसांत ताप, घसादुखी किंवा दम लागण्याचा त्रास झाला, तर घरगुती काढ्यावर न थांबता सरकारी रुग्णालयात जावे आणि "आमचे पोल्ट्रीचे शेड आहे, कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला आहे" हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. वेळेत सुरू केली तर यावर औषधे आहेत.

शेजारणीचा राग मानू नका. तिच्याकडे माहिती नाही आणि तिच्या घरातही लहान मुले आहेत. तुम्ही तिच्या जागी असता तर कदाचित हेच केले असते. डॉक्टर शेड पाहून गेले की त्यांनी काय पाहिले आणि काय सांगितले हे तुम्हीच तिला जाऊन सांगा, आणि अहवाल आला तर त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची विनंती सरपंचांना करा. हैदराबादेतल्यासारखे व्यासपीठावर खाऊन दाखवण्याचे प्रयोग गर्दीला चार तास पटतात. घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला मात्र कागद लागतो आणि सांगणारे माणूस ओळखीचे लागते. सरपंचांना आणखी एक गोष्ट समजावून सांगण्यासारखी आहे. पोल्ट्रीचे खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड. गावोगावची शेडे रिकामी पडली तर ज्यांनी आयुष्यात कधी कोंबडी पाळली नाही त्यांच्याही सोयाबीनच्या दराला त्याची झळ पोहोचते, आणि लातूरच्या बाजारावर डोळे लावून बसणाऱ्या भागात हे कोणाला फोड करून सांगावे लागू नये.

आता यजमानांबद्दल, कारण तुमच्या संपूर्ण पत्रात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केले ते त्यांच्या झोपेविषयीच्या एका वाक्याने. कर्ज, मरतुक आणि गावाची नजर हे तिन्ही एकाच आठवड्यात अंगावर आले की भलेभले खचतात. फोन करण्याचे काम त्यांच्यावर न टाकता तुम्ही स्वतः करा. डॉक्टर येतील तेव्हा दोघे मिळून सामोरे जा. "सगळे संपले", "माझ्यामुळे झाले" असे ते वारंवार म्हणू लागले, जेवण सोडले, किंवा एकटे राहू लागले, तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीतून बोलता येते, पैसे लागत नाहीत आणि नावही सांगावे लागत नाही. शेतातली कीटकनाशके त्या काळात कुलपात ठेवा. एवढे स्पष्ट लिहिल्याबद्दल क्षमस्व, पण आपल्या भागात हे न लिहिणे मला योग्य वाटत नाही.

बँकेत हप्ता थकण्याआधी जावे, थकल्यानंतर नव्हे. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा अधिक थकला की खाते अनुत्पादक कर्जात (एनपीए) जाते आणि मग व्यवस्थापकाची इच्छा असली तरी त्याचे हात बांधले जातात. खाद्याची बिले, मागच्या बॅचच्या विक्रीच्या पावत्या आणि या आठवड्यातल्या दराची नोंद सोबत नेऊन हप्ते पुढे ढकलण्याचा लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. पक्ष्यांचा विमा उतरवला असेल तर त्यात बर्ड फ्लू धरला आहे की वगळला आहे, हे पॉलिसीत पाहावे. सावकाराकडून हप्त्यासाठी पैसे मात्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत.

राहिला प्रश्न पुढच्या बॅचचा, जो तुम्ही विचारला नाही पण माल गेल्यावर लगेच उभा राहील. रिकाम्या शेडकडे पाहून पिल्ले टाकण्याची घाई होते, विशेषतः पिल्लाचा दर पडलेला असतो तेव्हा. तूस पूर्ण काढून, शेड धुऊन, चुना मारून ते किमान तीन आठवडे रिकामे ठेवावे. रोग निघाला असेल तर डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याखेरीज एकही पिल्लू आणू नये. त्यानंतरही पहिल्या वेळी दोन हजारांऐवजी हजारच टाकावीत आणि निम्म्या मालाचे गिऱ्हाईक आधी ठरवून ठेवावे. डॉक्टर काय म्हणाले ते मला अवश्य कळवा. भरपाईचा अर्ज करण्याची वेळ आलीच, तर त्यासोबतची कागदपत्रे कशी जोडायची हे मी सविस्तर लिहून पाठवीन.